पातं लवायच्या आत

शनिवारी कोरड्या पुलावर गेले,
खिशात पाचशे वीस लारी,
त्यातल्या एका नोटेला अजून पीठ चिकटलेलं.
खालचं पाणी केव्हाच आटलं म्हणतात. पूल तेवढा राहिला,
आणि पुलावर तिबिलिसीच्या घराघरातून निघालेलं सगळं:
चमचे, पदकं, कुणाची तरी दुर्बीण,
एक बाहुली, जिचा एकच डोळा मिटतो.

मला कॅमेरा हवा होता.
लेन्स काढून दुसरी लावता येते, तसला.
फोनमध्ये माझी तेक्ले म्हणजे नुसता पांढरा धूर.
ज्युडोच्या गादीवर ती कुणाला तरी उचलते
आणि फोटोत येते पंचांची पाठ,
भिंतीवरचं घड्याळ.

भट्टीच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर,
दुकानातल्या किमती उतरवल्या होत्या.
नवाकोरा, आरसा नसलेला:
महिना एकशे दहा, दोन वर्षं.
वहीनंच नको म्हटलं.

ओतिया थर्मासातून चहा ओतत होता.
त्याच्या डाव्या डोळ्याभोवती सुरकुत्यांचं जाळं,
उजवा मात्र तरुण.
जन्मभर एकच डोळा मिटल्यावर असं होत असावं.
किती आहेत, असं त्यानं विचारलंच नाही.
विचारलं, "उजेड किती?"
शाळेची व्यायामशाळा, म्हटलं. सहा ट्यूब,
त्यातली एक फडफडते.
"मग बॉडी जुनी घे. पैसे काचेत घाल."

माझं लक्ष लांबलचक लेन्सकडे, तोफेसारख्या.
"ती मैदानावरची. उन्हातली राणी.
तुझ्या ट्यूबखाली आंधळी होईल.
तू गादीच्या कडेलाच बसतेस ना?"
आणि मुठीत मावणारी, मोठ्या डोळ्याची
पन्नासची लेन्स त्यानं तळहातावर ठेवली.
पिठाच्या गोळ्याएवढंही वजन नाही.

"ह्या बॉडीचं शटर एक लाख दहा हजार वेळा पडलंय."
खोटं बोलता आलं असतं, बोलला नाही.
मी मनात माझे पाव मोजले:
दिवसाला चारशे, अकरा वर्षं.
मनगट अजून चालतंय.

सहाशे वीसवरून घासाघीस.
शेवटी सगळ्या नोटा त्याच्या टोपीत.
एक लारी त्यानं परत दिली, बससाठी.

"दाबून बघ."
एक पोरगा स्कूटरवरून उडी मारत होता. दाबलं.
काचेत काळोख.
"बिघडलाय!"
"नाही. आरसा वर जातो.
फोटो निघतो तेवढा वेळ तुला दिसत नाही.
उडी दिसली, तर समज, हुकली."

बसमध्ये हे वाक्य मी चघळत बसले.
मग वाटलं, हे तर मला येतं.
पाव तांबूस दिसला की उशीर झालेला असतो.
भिंतीवरून तो सोडवायचा, तो वास बदलतो तेव्हा.

बुधवारी समोर रुस्तावीची एक दणकट मुलगी.
मी तेक्लेचे हात बघितले नाहीत, टाच बघितली.
फेकायच्या आधी तिची डावी टाच
पोळल्यासारखी हलकेच उचलते;
हे तिला ठाऊक नाही, मला आहे.
टाच हलली.
डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच
कॅमेऱ्याचंही पातं लवलं.
काळोख.
गादीवर धप्प. टाळ्या.
सगळ्या हॉलनं माझ्या लेकीचा डाव पाहिला,
मी सोडून.

नंतर छोट्या पडद्यावर सतरा चौकटी:
एक कान, धुरकट कोपर, ती फडफडणारी ट्यूब,
दोनदा माझंच बोट.
आणि अकरावी.
तेक्ले एका पायावर, केसांचं रबर सुटलेलं,
आणि ती दुसरी हवेत आडवी,
डोळे मिटलेले, चेहरा इतका शांत,
जणू कुणी तिला उचलून अंथरुणात नेतंय.

तेक्लेनं घाम पुसत वाकून पाहिलं.
"पकड ढिली आहे माझी,"
ती म्हणाली. "पुढचा दाखव."